खंडाचा दिवस

इनास परेरा स्वतःच्याच घरात शिरताना दार वाजवायचे. तीनदा. मग एक पाऊल मागं सरकून, छत्री काखोटीला मारून खणखणीत आवाजात पुकारायचे, "मी इनास बस्त्याव परेरा. आत येत आहे." मग थांबायचे. मग खिशातून किल्ली काढून कुलूप उघडायचे. आता दाराला बाहेरून कुलूप आहे म्हणजे आत कुणी नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यातून हा गृहस्थ घरात एकटाच राहणारा. तरी दिवसातून चारदा बाहेर गेले तर चारदा हा सोहळा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ह्यांचा शर्ट मागून ओढला आणि म्हटलं, "चला हो, दुसरीकडं बघू. ह्या माणसाचा एक आटा ढिला आहे."

"पण विहीर आहे," हे म्हणाले.

विहिरीपुढं माझं काही चाललं नाही. त्र्याण्णव सालची गोष्ट. आमचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. विरारला आम्ही फ्लॅट बुक केला होता, म्हणजे बिल्डरनं एका खड्ड्याकडं बोट दाखवून "तिसरा मजला, एकदम हवेशीर" असं सांगितलं होतं. तोवर नालासोपाऱ्याला एका बिल्डिंगीत राहत होतो. तिथं पाणी टँकरनं यायचं. एरवी 'अहो वहिनी' करणाऱ्या बायका टँकर आला की एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मी साताऱ्याची, मागं हटणाऱ्यातली नव्हे. पण दिवसा माणिकपूरच्या शाळेत मुलांना 'पाण्याचे महत्त्व' शिकवायचं आणि संध्याकाळी कळशी उगारून भांडायचं, हे काही फार दिवस जमेना.

म्हणून एका दलालामार्फत हे घर बघायला आलो होतो. वसई गावात, किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, बाजाराला लागून. शंभर वर्षांचं दुमजली घर. जुनं म्हणजे पडकं नव्हे हं, चांगलं ठणठणीत. भिंती इतक्या रुंद की खिडकीत मांडी घालून बसावं. सागवानी जिना, दारावर चुन्यात कोरलेला क्रूस, मागं केळी आणि केळींच्या मधे बारमाही विहीर. खाली मालक, वर आम्ही. वरती बाहेरची खोली, झोपायची खोली आणि स्वयंपाकघर, दलालाच्या भाषेत वन बेडरूम.

घर बघून मी इतकी हरखले की पटकन म्हणाले, "काका, आम्हाला पसंत आहे."

झालं! परेरांनी जिन्याची किल्ली पुढं केली होती ती परत खिशात घातली.

"मी आपला काका नाही," ते म्हणाले. "जागा द्यायची नाही."

"अहो, पण झालं काय?"

"नातं लागलं की हक्क लागतो. आज काका म्हणाल, उद्या घर मागाल. तीस वर्षं मी कोर्टात बेलीफ होतो बाई. लोकांच्या दारात समन्स घेऊन जाणं आणि हुकूम झाला की घरं रिकामी करून घेणं, हीच माझी नोकरी. प्रत्येक भाडेकरू हेच सांगायचा, मालक मला मुलासारखं मानायचे. मी कुणाला कशासारखं मानत नाही. मी लायसेन्सर, तुम्ही लायसेन्सी."

आमचे हे मुलखाचे गरीब. त्यांनी हात जोडले, "बेलीफसाहेब, चुकलं हिचं. पुन्हा नाही म्हणणार." 'बेलीफसाहेब' ऐकल्यावर चेहरा जरा निवळला. किल्ली पुन्हा बाहेर आली. असं ते घर एका काकापायी जाता जाता राहिलं.

राहायला गेलो त्या दिवशी त्यांनी घराचा पंचनामा केला. आम्हा दोघांना पंच म्हणून उभं केलं आणि खोल्याखोल्यांतून फिरत मोठ्यानं बोलत लिहून घेतलं. "खिडक्या सहा, पैकी कुरकुरणारी एक. दिव्याची बटणं सात, पैकी कशाचं आहे ते माहीत नसलेलं एक. छताला पाल एक." इथं ते अडले. लेखणी ओठांवर टेकवून पालीकडं बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"स्थावर लिहू की जंगम?"

"जंगमच की! चालते ना ती."

"चालते. पण चार वर्षं त्याच जागी मिळून येत आहे." शेवटी त्यांनी 'पाल एक (जंगम, परंतु वर्तन स्थावर)' असं लिहिलं आणि आम्ही खाली सह्या ठोकल्या.

हे 'मिळून येणं' त्यांच्या जिभेवरून कधी उतरलंच नाही. आपण म्हणतो दूध संपलं. ते म्हणायचे, "सदर पातेल्यात दूध मिळून आले नाही." औषधाचं दुकान कुठं असं विचारलं तर चतुःसीमा सांगायचे, पूर्वेस सायकलवाला, पश्चिमेस गटार. एकदा मी होळीची पुरणपोळी नेऊन दिली तर ताटलीकडं बघून म्हणाले, "उत्तरेस तूप कमी आहे." मी मनात म्हटलं, घ्या! फुकट ते पौष्टिक, वर चतुःसीमा!

तोंडावर काही बोलायचे नाहीत. चूक दिसली की नोटीस लिहून आमच्या दारावर खळीनं डकवायचे. 'सदर इसमाने रात्रौ नळ अर्धवट उघडा ठेवल्याचे मिळून आले. खुलासा करावा.' सदर इसम म्हणजे आमचे हे. मीसुद्धा काही कमी नाही. खालीच खुलासा लिहायची, 'नळाचा वायसर गेला आहे, इसमाचा दोष नाही,' आणि कागद त्यांच्या दारावर नेऊन डकवायची. दुसऱ्या दिवशी पान्हा घेऊन स्वतः हजर. वायसर बदलायचे, पंचनामा करायचे, जायचे. चहा मात्र प्यायचे नाहीत. लायसेन्सीच्या घरात बसून चहा घेतला की संबंध सिद्ध होतो म्हणे.

असे दहा महिने गेले. अकराव्या महिन्यात दारावर कागद आला, 'करार संपत आहे. ताब्यात खंड पाडावा.'

मला काही कळेना. खाली जाऊन विचारलं तेव्हा खुलासा झाला. घर अकरा महिन्यांच्या करारावर दिलेलं. नवा करार करायला ते तयार होते. पण दोन करारांच्या मधे एक दिवस आम्ही घर खाली करायचं. बोचकी, भांडी, पलंग, गाद्या, सगळं बाहेर. घराला त्यांचं कुलूप, कुलपावर लाखेचं सील. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या करारावर सह्या आणि मग पुन्हा सगळं वर. ताबा सलग राहिला तर भाडेकरू चिकटतो, असं त्यांचं म्हणणं.

"अहो, पण एका दिवसासाठी आम्ही जायचं कुठं? नुसता पलंग उतरवायला चार माणसं लागतात!"

"खाली माझ्याकडे. पाहुणे म्हणून."

"म्हणजे वरून खाली यायचं आणि खालून वर जायचं?"

"पाहुण्याला हक्क लागत नाही," ते शांतपणे म्हणाले.

मी वर येऊन ह्यांच्यावर तोंडसुख घेतलं. मालकावर ओरडता येत नाही, मग नवरा कशाला असतो? पण विरारचा खड्डा अजून खड्डाच होता आणि विहिरीच्या पाण्याची सवय लागली होती. करणार काय? अडला हरी!

खंडाच्या दिवशी सकाळी सातलाच ते बाह्या सरसावून वर आले. मला वाटलं होतं, नुसते उभे राहून हुकूम सोडतील. छे! साठी ओलांडलेला माणूस, पण पलंगाची एक बाजू त्यांनी एकट्यानं उचलली. माझ्या काचेच्या बरण्या जुन्या साड्यांत गुंडाळून तान्ह्या पोरासारख्या खाली नेल्या. मी शेगडी उचलायला गेले तर एकदम म्हणाले, "ती नाही. शेगडी सगळ्यात शेवटी बाहेर, सगळ्यात आधी आत."

"हा कुठला कायदा?"

"कायद्यात नाही. घर रिकामं करताना आतली माणसं रडत असतात. त्यांना एकदा शेवटचा चहा करून घेऊ द्यायचा. मी तेवढा वेळ जिन्यावर बसायचो." मग खाली वाकून दोरी आवळत म्हणाले, "कायद्यात मनाईही नाही."

आणि सामान रस्त्यावर नाही, अंगणातही नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून, वर धुतलेली चादर. रस्त्यावर पडलेली भांडी आपल्याला बघवत नाहीत, एवढंच बोलले.

सील लागलं. त्यांनी घड्याळात पाहिलं. "आता करार नाही. उद्या सकाळी दहापर्यंत तुम्ही माझ्या कुणी नाही. आता काय म्हणायचं ते म्हणा."

"म्हणजे काका म्हटलं तर चालेल?"

"हरकत नाही, पोरी," ते म्हणाले.

अकरा महिने 'बाई' आणि आज एकदम 'पोरी'! मी हसायलाच लागले. ते मात्र गंभीर चेहऱ्यानं पिशवी घेऊन नारळ आणायला गेले. मी त्यांच्या चुलीवर चहा टाकला. जरा वेळानं दारावर टकटकटक. "मी इनास बस्त्याव परेरा. आत येत आहे." माझं लक्ष दुधाकडं. मी आपलं सवयीनं ओरडले, "या काका! उघडंच आहे."

कुणी आत येईना. मी पदराला हात पुसत दारात गेले. काका आपले उंबऱ्याबाहेर नारळ हातात धरून उभे.

"काय झालं काका?"

"काही नाही. चप्पल काढत होतो."

पाय तर अनवाणीच होते. चपला कोपऱ्यात व्यवस्थित जोडून ठेवलेल्या. म्हटलं असेल, म्हातारा माणूस.

मग त्या दिवशी त्यांचं काय बिनसलं कोण जाणे. नारळ आणला तर मिरच्या राहिल्या म्हणून परत बाजारात. मिरच्या आणल्या तर काडेपेटी राहिली. काडेपेटी आणली तर कोथिंबीर. दर वेळी टकटकटक, दर वेळी नाव, दर वेळी मी आतून "या काका!" संध्याकाळपर्यंत नऊ खेपा झाल्या. माझ्या जिवाचा नुसता संताप. "काका, एकदाच यादी करून सगळं आणता येत नाही का हो?" म्हटलं तर म्हणाले, "वय झालं. विसरतो." अकरा महिन्यांपूर्वी पालीची जागा लक्षात ठेवणारा माणूस काडेपेटी विसरतो!

जेवण मात्र काय सांगू! चिंबोऱ्यांचं कालवण, तांदळाची भाकरी, वर मधासारखी सुकेळी, म्हणजे वसईची राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली. स्वतः जेवले नाहीत, वाढत राहिले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही करारावर सह्या केल्या आणि ते लगेच म्हणाले, "बाई, शेगडी वर न्या." संपलं. काका गेले, बेलीफसाहेब आले.

आमच्याकडं पाचूबंदरची इजाबाय मासे घेऊन यायची. तिला मी हा सगळा तमाशा सांगितला तर ती टोपली उतरवून बसलीच.

"ऱ्हा गो. तेच्या दारात कोन जाते का? आनि तेला कोन बोलवते? बेलीफ तो. तो रस्त्यानं येताना दिसला का लोक दारा लावून घ्यायचे. कागद कोनाचा हाय, काय म्हायती? लग्नाला नाय, बारशाला नाय. पोरगी बी कोनी दिली नाय तेला. बेलिफाच्या घरात कोन पोर देल?"

"पण आता तर रिटायर झाले ना?"

"पानी सुकला तरी मिठाचा चटका ऱ्हाते," ती म्हणाली आणि पापलेटचा भाव सांगायला लागली. मी घासाघीस केली आणि ते तिथंच राहिलं.

दुसरा खंडही तसाच गेला. ह्या खेपेला चौदा फेऱ्या. हळद, मीठ, पुन्हा काडेपेटी. त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर काडेपेट्यांचा अख्खा पुडा मी डोळ्यांनी बघितला होता. "काका, ही काय काडेपेटी!" म्हणून दाखवलीसुद्धा. पुड्याकडं बघून म्हणाले, "ह्या ओलसर आहेत," आणि चपला घालून गेले.

तिसऱ्या वर्षी मुक्ताचा जन्म झाला. तिसरा खंड आला तेव्हा ती दोन महिन्यांची होती आणि मी सामान हलवायच्या विचारानंच रडकुंडीला आले होते. विरारला आता इमारत उभी होती, पण लाइट नव्हते, पाणी नव्हतं. हे घर सोडून जाणार कुठं? तान्ह्या पोरीला घेऊन पुन्हा टँकरच्या रांगेत? त्याच आठवड्यात शाळेतल्या एका सहकारी बाईंचे वकील यजमान भेटले. त्यांना मी हे सगळं ऐकवलं तर ते पोट धरून हसले.

"अहो, भांडी हलवायचा असा काही कायदा नाही! नवा कागद करा, सह्या करा, झालं. तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला हे माहीत नसेल?"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे आम्हाला तीन वर्षं माकडासारखं नाचवलं! ओल्या बाळंतिणीला! घरी आले, मुक्ताला ह्यांच्या मांडीवर टाकलं आणि तडातडा जिना उतरायला लागले. आज बेलीफसाहेबांचाच पंचनामा करायचा होता.

अर्ध्या जिन्यात होते तेवढ्यात ते बाहेरून आले. दोन्ही हातांत पिशव्या. खंडाला अजून चार दिवस होते, पण तयारी सुरू झालेली. एका पिशवीतून सुकेळ्यांचा पुडा डोकावत होता, दुसरीतून दोन बंदांचं गुलाबी झबलं. मला त्यांनी पाहिलं नाही. पिशव्या खाली ठेवल्या. दार वाजवलं. तीनदा. एक पाऊल मागं सरकले. "मी इनास बस्त्याव परेरा. आत येत आहे."

आणि थांबले.

बेलिफानं आतल्या माणसाला आवरायला वेळ द्यावा लागतो, दहा आकडे मोजावेत, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. मी मनात मोजायला लागले. दहा झाले. वीस झाले. ते मान थोडी वाकडी करून दाराला कान देऊन उभे. तीस झाले. कुलूप लावलेल्या, रिकाम्या घराच्या दारात. पस्तिसाला त्यांनी मान सरळ केली, किल्ली काढली आणि आत गेले.

मी जिन्यातच बसले. नारळ, मिरच्या, कोथिंबीर, ओलसर काडेपेट्या, सगळं एकदम डोक्यात लखकन पेटलं. नऊ फेऱ्या आणि चौदा फेऱ्या. आणि मी मेली दर वेळी आतून करवादत होते, यादी करा म्हणून! तीस वर्षं हा माणूस लोकांची दारं वाजवत फिरला आणि कुणी म्हणून कुणी त्याला 'या' म्हटलं नाही. वर्षाकाठी एक दिवस तो 'या' मिळावा म्हणून बिचाऱ्यानं कायदा काढला होता. मला असं भरून आलं की पदर तोंडाला लावून तिथंच हुंदके दिले.

वर गेले तर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. शनिवारी सामान काढायचं आहे. रजा टाका."

त्या खंडाच्या दिवशी एकोणीस फेऱ्या झाल्या. मी एकदाही करवादले नाही. उलट त्यांना आठवण करून दिली, "काका, जिरं राहिलं बघा." दुसऱ्या दिवशी करार करताना मुक्ताचं नावही त्यात चढलं. 'लायसेन्सी क्रमांक तीन, वय दोन महिने, सही करता येत नाही.' मग शाईचा पॅड आणून त्यांनी तिचा इवलासा अंगठा टेकवला. तीन दिवस पोर निळा अंगठा चोखत होती. मी ओरडले, पण हळू.

पुढच्या वर्षी विरारचा फ्लॅट अखेर मिळाला. निघताना पुन्हा पंचनामा झाला. खिडक्या सहा, बटणं सात, पाल एक, त्याच जागी. 'नुकसान काही मिळून आले नाही,' असं लिहून त्यांनी कागद घडी करून ठेवला. शेगडी शेवटी उचलली. मी वास्तुशांतीचं आमंत्रण हातात दिलं, चारचारदा बजावलं, नक्की यायचं.

वास्तुशांतीच्या दिवशी मी दाराकडं डोळे लावून होते. बारा वाजले, एक वाजला. मग खालचा वॉचमन सुकेळ्यांचा पुडा घेऊन वर आला. एक बाबा देऊन गेले म्हणाला. पुड्यावर कागद होता, त्या ओळखीच्या अक्षरात, 'नव्या घरात पहिल्याच दिवशी बेलीफ नको. सर्वांस आशीर्वाद.' मी तीन मजले धावत उतरले. रिक्षा निघून गेली होती. भरजरी साडीत, सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत मला रडू फुटलं. शेजाऱ्यांना वाटलं, सासरचं कुणीतरी काहीतरी बोललेलं दिसतंय.

त्यानंतर दोन वेळा मी वसईला जाऊन बोलावून आले. 'बघू' म्हणायचे, यायचे नाहीत. मी म्हटलं, असं सरळ बोटानं तूप निघायचं नाही. विरारला येऊन अकरा महिने भरले त्या आठवड्यात बसले आणि चांगल्या जाड कागदावर लिहिलं:

'नोटीस. इनास बस्त्याव परेरा, राहणार वसई, यांस कळविण्यात येते की, आपण सदर घरात सलग अकरा महिने एकटेच राहत असल्याचे मिळून आले आहे. सबब आपल्या ताब्यात खंड पडणे जरूर आहे. येत्या रविवारी घरास कुलूप लावून विरार येथे जातीने हजर व्हावे. कसूर केल्यास मी साताऱ्याची आहे, हे ध्यानात घ्यावे.'

आणि ती मी पोस्टानं नाही पाठवली. वसईला गेले आणि त्यांच्या दारावर खळीनं डकवून आले.

रविवारी सकाळी बरोबर नऊला आमच्या दारावर टकटकटक. "मी इनास बस्त्याव परेरा. आत येत आहे."

"या काका!" मी आतून ओरडले.

ते आत आले. उंबऱ्यात दोन्ही तळहात उघडून दाखवले. "कागद नाही. हात रिकामे आहेत." तसे ते नव्हतेच, काखेत छत्री आणि मनगटाला सुकेळ्यांची पिशवी लटकत होती. घरभर फिरले, बटणं मोजली, एक पाल शोधली, नाही मिळून आली. आमच्या घरात बसून चहा प्यायले. पाच वर्षांत पहिल्यांदा. मग एकदम उठले.

"छत्री खाली राहिली."

"अहो काका, छत्री तर..." आमचे हे बोलायला लागले. मी त्यांना असा चिमटा काढला की वाक्य तिथंच राहिलं. लिफ्ट नाही, तीन मजले, सत्तरीकडं झुकलेला माणूस. गेले. धापा टाकत वर आले. टकटकटक. नाव. "या काका!" पाच मिनिटं टेकले आणि काडेपेटी आणायला निघाले.

"अगं, त्यांना थांबव तरी," हे म्हणाले. "जीव जाईल म्हाताऱ्याचा."

"जाऊ द्या त्यांना," मी म्हटलं. "तुम्ही गप बसा."

मुक्ता तेव्हा दोन वर्षांची. सकाळपासून हा खेळ ती बघत होती. आता ती दारापाशी जाऊन फतकल मारून बसली. जिन्यात पावलं वाजली. दारावर एक टकटक झाली, पहिलीच, आणि पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडली, "या!"

बाहेर सगळं थांबलं. दुसरी टकटक नाही, तिसरी नाही, नाव नाही. मी जाऊन दार उघडलं. काका काडेपेटी हातात धरून उभे होते.

"काय झालं काका?"

"काही नाही पोरी. चप्पल काढत होतो."

ह्या वेळी मी त्यांच्या पायांकडं पाहिलं नाही. मुक्तानं त्यांचं बोट धरलं आणि त्यांना आत नेलं.